इलेक्ट्रिक गाडी घेताय? घ्या की!

घ्याच. पेट्रोलचे पैसे वाचतात. त्यात बीपीच्या गोळ्या आरामात बसतात.

मोबाईलमध्ये चार्जिंगची पाच-सहा ॲप भरून ठेवा. प्रत्येक कंपनीचं ॲप निराळं, वॉलेट निराळं. माझे सातशे रुपये चार वॉलेटांत विखुरलेत, एफडी केली असं समजतो.

गाडीत चटई असू द्या.

सोसायटीच्या चेअरमनना दिवाळीचा फराळ आधी पोचवा, पार्किंगमध्ये पंधरा ॲम्पिअरच्या सॉकेटचा विषय नंतर काढा.

आणि ॲपवर हिरवा ठिपका दिसला की बिनधास्त निघा. गेल्या रविवारी पुण्याहून कोल्हापूरला येताना तावडे हॉटेलच्या चौकात पोचलो, बॅटरी नऊ टक्के. हायवेलगतच्या एका हॉटेलात चार्जर 'उपलब्ध'. होताच! फक्त त्याच्यापुढं डिझेलची गाडी आडवी. वॉचमन म्हणाला, "पावणं जेवाय बसल्यात. आत्ताच पांढरा रस्सा गेलाय आत." म्हणजे तांबडा अजून यायचाय. पाऊण तासानं पावणं बडीशेप चघळत आले. "सावली हुती, म्हून लावली." बरं, गेले. चार्जरची गन गाडीला लावली तर स्क्रीनवर 'इमर्जन्सी'. कुणाच्या तरी पोरानं लाल बटण दाबून ठेवलेलं. कस्टमर केअरवाली म्हणते, "सर, मशीन रीस्टार्ट कीजिए." कुठनं करू? पॅनेलला कुलूप, किल्ली इलेक्ट्रिशियनकडं, इलेक्ट्रिशियन कागलला लग्नात! शेवटी उचगावात मेहुण्याच्या दारात साध्या प्लगला गाडी लावली. ३० युनिटची बॅटरी आणि प्लग देणार तासाला ३.३ युनिट, म्हणजे नऊ-दहा तास. मुक्काम तिथंच. मेहुण्यानं रात्रभर मायलेज विचारलं.

राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात महामार्गावर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय म्हटलंय. बसवा हो, नारळ फोडा, फोटो काढा. पण बसवलेला चालू ठेवायला माणूस कोण नेमणार? आहे तो एक तरी बघा की आधी! एक किल्ली वॉचमनकडं ठेवायला काय खर्च येतो?

आणि पावणं, तुम्ही. पेट्रोल पंपावर पाईपपुढं गाडी लावून जेवायला जाता का कधी? तिथं लोक काच फोडतील, म्हणून जात नाही. जमिनीवर हिरवा पट्टा मारलाय, गाडीचं चित्र काढलंय, त्याला वायर दाखवलीय. वाचता येत नसेल तर चित्र तरी बघा. सावली पाहिजे तर झाडाखाली लावा, आणि बरोबरचं पोरगं बटणाकडं धावलं की त्याचा हात धरा.