‘मेक इन्स्टॉल मार, विषय संपला’: एका प्रतिक्रियेला उत्तर

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींतल्या पॅकेजचा (बसवायला तयार अशा प्रोग्रामचा) सोर्स, म्हणजे मूळ कोड, कसा शोधायचा आणि आपल्याच यंत्रावर तो कसा बिल्ड करायचा, म्हणजे त्यातून पॅकेज कसं बनवायचं, यावरच्या माझ्या लेखाखाली एक प्रतिक्रिया आली आहे. मुख्य भाग असा: “भावा, एका पॅकेजसाठी एवढा घोळ? गिटहबवरनं टारबॉल उतरव, कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल मार, विषय संपला. उद्यमनगरातला फिटरसुद्धा एका पार्टसाठी अख्खा कारखाना उघडत नाही. लोकांना भीती घालून हुशारी दाखवायचा प्रकार आहे हा.” (टारबॉल म्हणजे मूळ कोडचं गाठोडं; पुढच्या तीन कमांड तो बनवून थेट यंत्रात बसवतात.) पुढे डेबियनच्या पॅचनी, म्हणजे मूळ कोडात केलेल्या बदलानी, ओपनएसएसएल या सुरक्षा लायब्ररीच्या किल्ल्या ओळखता येण्याजोग्या झाल्या आणि ते २००८ साली उघड झालं याची आठवण, आणि एसबिल्डबद्दल (वेगळ्या, स्वच्छ जागेत पॅकेज बिल्ड करणाऱ्या साधनाबद्दल) लेखात काहीच नाही अशी तक्रार.

ओळखपाळख नसताना ‘भावा’ म्हणायला कोल्हापुरात कुणाची हरकत नसते, माझीही नाही. पण त्याच दमात हेतूवर शंका घ्यायची, हे मला पटलेलं नाही. त्या लेखात कमांड होत्या, त्यांचा क्रम होता आणि क्रम चुकला तर काय बिघडतं ते होतं. यात भीती कुठे घातली, ती ओळ दाखवा. राजारामपुरीतल्या छोट्या ऑफिसांची लिनक्स यंत्रं मी वर्षानुवर्षं सांभाळतोय; जे लिहिलं ते तिथे रोज लागतं म्हणून लिहिलं.

एक गोष्ट मान्य. दोन-चार फाइलींचं एखादं टूल असेल आणि डिस्ट्रोत (डेबियन, उबुंटूसारख्या लिनक्समध्ये) त्याचं पॅकेजच नसेल, तर तुमचा रस्ता पुरेसा आहे. लेखाचा विषय तो नव्हता. पॅकेज आधीच बसलेलं आहे आणि त्यात एक बदल करायचाय, हा विषय होता. शीर्षकातच तसं लिहिलं होतं.

फिटरचा दाखला तुम्हीच दिलात. तो जॉबला हात लावण्याआधी ड्रॉइंग मागतो आणि ड्रॉइंगची रिव्हिजन बघतो. गिटहबवरचा टारबॉल ही वेगळी रिव्हिजन आहे. तुमच्या यंत्रावरचं पॅकेज मूळ कोडवर डेबियन/पॅचेस फोल्डरातले पॅच चढवून, डेबियन/रूल्समधले पर्याय देऊन आणि डीपीकेजी-बिल्डफ्लॅग्जमधले हार्डनिंगचे (हल्ल्यांपासून बचावाचे) फ्लॅग लावून बनलेलं असतं. नुसत्या कॉन्फिगरला यातलं काहीच ठाऊक नसतं. तो प्रोग्राम /यूएसआर/लोकल/बिनमध्ये टाकतो आणि सेटिंगही /ईटीसीऐवजी /यूएसआर/लोकल/ईटीसीत शोधायला लागतो. मग “सेटिंग बदललं तरी फरक पडत नाही” असे फोन येतात.

लायब्ररी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो कोड) असेल तर जास्त वाईट. एलडीकॉन्फिगच्या (लायब्ररी कुठे आहेत त्याची नोंद करणाऱ्या कमांडच्या) शोधयादीत /यूएसआर/लोकल/लिबचा नंबर सिस्टिमच्या फोल्डरांच्या आधी लागतो. म्हणजे तिथे टाकलेली लायब्ररी त्याच नावाची लायब्ररी मागणाऱ्या सगळ्याच प्रोग्रामांच्या गळ्यात पडते. पुढे सुरक्षा अपडेट आला की ॲप्ट (पॅकेजं उतरवून बसवणारं साधन) आपली फाइल इमानदारीनं बदलतो, पण चालत राहते तुमची जुनीच. बसलेल्या पॅकेजांची नोंद ठेवणाऱ्या डीपीकेजीला तिचा पत्ताच नसतो, त्यामुळे कुठली यादी ती दाखवत नाही. विषय संपला म्हणता, तो इथे सुरू होतो.

आणि ‘एवढा घोळ’ म्हणजे किती? उबुंटू २४.०४ मध्ये /ईटीसी/ॲप्टखालच्या उबुंटू.सोर्सेस फाइलीत ‘टाइप्स: डेब’ या ओळीपुढे ‘डेब-एसआरसी’ जोडायचं आणि ॲप्ट अपडेट करायचं. सोर्सचं नाव पॅकेजच्या नावाहून वेगळं असू शकतं: माउंट हे पॅकेज यूटिल-लिनक्समधून बनतं. ॲप्ट ते स्वतः ओळखतो. नंतर सुडो (रूटचे, म्हणजे यंत्राच्या प्रशासकाचे अधिकार) लावून ॲप्ट बिल्ड-डेप, म्हणजे बिल्डला लागणारी पॅकेजं बसतात, आणि सुडो न लावता ॲप्ट सोर्स, म्हणजे सोर्स उतरतो. सुडो लावलात तर फोल्डर रूटच्या मालकीचं होतं आणि पुढे प्रत्येक पायरीवर परवानगी नाकारली जाते. ॲप्ट-कॅश पॉलिसीत बसलेली आवृत्ती बघा आणि पॅकेजच्या नावापुढे बरोबरचं चिन्ह देऊन तीच मागा, नाहीतर यादीतली सगळ्यात नवी उतरते.

बदल केल्यावर डीसीएच --लोकलनं (पॅकेजातल्या बदलांची नोंद करणारी कमांड) आवृत्तीला शेपूट लावायचं, आणि इथे नीट लक्ष द्या. मूळ आवृत्ती १.४-३ असेल तर १.४-३केओपी१ करा (केओपी ही आपली खूण), १.४-३+केओपी१ करू नका. डीपीकेजीच्या तुलनेत अक्षर अधिक-चिन्हाच्या आधी येतं. त्यामुळे अधिक-चिन्हाशिवायची आवृत्ती मूळ आवृत्तीच्या वर, पण १.४-३+डेब१२यू१ या सुरक्षा अपडेटच्या खाली राहते. अधिक-चिन्ह घातलंत तर ‘के’ ‘डी’च्या पुढे जातो आणि तो अपडेट तुमच्यापर्यंत पोचतच नाही. शंका असेल तर डीपीकेजी --कम्पेअर-व्हर्जन्स आहे. अपडेट आला की तुमचा बदल जाईल, तो नव्या सोर्सवर पुन्हा चढवायचा. ते काम टाळू नये.

शेवटी डीपीकेजी-बिल्डपॅकेज -यूएस -यूसी -बी. सहीची भानगड नाही, फक्त बायनरी. डेब फाइली एक फोल्डर वर तयार होतात. लोक आत शोधत बसतात. यंत्रात रॅम कमी असेल आणि कंपायलर मध्येच ‘किल्ड’ म्हणून मेला, तर डेब_बिल्ड_ऑप्शन्समध्ये पॅरलल=२ द्या. बसवताना ॲप्ट इन्स्टॉलला फाइलीच्या नावाआधी टिंब आणि स्लॅश लावा, आणि आधी बसलेली होती तेवढीच पॅकेजं बसवा. संपलं. यात कारखाना कुठला?

२००८ चं प्रकरण मला माहीत आहे, इथे त्याचा संबंध नाही. एसबिल्ड हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

पुन्हा लिहिण्याआधी एक करा. मेक इन्स्टॉलनं बसवलेल्या तुमच्या प्रोग्रामवर टाइप -ए (त्या नावाचा प्रोग्राम कुठे-कुठे आहे ते दाखवणारी कमांड) आणि एलडीडी (तो कुठल्या लायब्ररी वापरतो ते दाखवणारी) चालवा, आणि जे दिसेल ते जसंच्या तसं इथे चिकटवा. त्यावर मी नक्की बोलेन, माझ्या हेतूवर नाही.