आर्क्टिकच्या गोठलेल्या जमिनीखाली पाणी आहे, आणि तिथला कचराही बंद राहत नाही

"आर्क्टिकची जमीन शेकडो मीटर गोठलेली आहे. तिथे भूजलच नाही, त्यामुळे तेलविहिरींचा कचरा बर्फात कायमचा बंद राहतो." हा दावा सध्या सगळीकडे फिरतोय. यातलं पहिलं वाक्य तेवढं खरं. अलास्कात प्रुडो बे या तेलक्षेत्रात गोठलेला थर ६०० मीटरच्या आसपास खोल जातो. पुढचं सगळं चूक आहे.

भूजल नाही म्हणता? कॅनडाच्या उत्तर टोकाला, स्वेरड्रप खोऱ्यात (नदीचं नव्हे, गाळाच्या खडकांचं विस्तीर्ण खोरं) ॲक्सेल हायबर्ग बेट आहे. वर्षाचं सरासरी तापमान उणे १५ अंशांच्या आसपास, गोठलेला थर ४०० मीटरहून जाड. तरीही जिप्सम हिल आणि कलर पीक इथले झरे भर हिवाळ्यात वाहतात. खोलवरचं मीठ आणि जिप्सम विरघळवत आलेलं हे पाणी समुद्राच्या दुपटीहून खारट आहे. याच खोऱ्यात १९६९ साली ड्रेक पॉइंटला नैसर्गिक वायू सापडला, म्हणजे विहिरी आणि हे पाणी एकाच खोऱ्यात आहेत. शिवाय जी तळी तळापर्यंत गोठत नाहीत, त्यांच्याखालची जमीनही न गोठलेलीच राहते.

आता 'बर्फात बंद' कचऱ्याकडे वळू. कॅनडातल्याच मॅकेन्झी नदीच्या त्रिभुज प्रदेशात १९७० च्या दशकात वापरलेलं ड्रिलिंग मड (विहीर खोदताना वापरायचा चिखलासारखा द्रव) विहिरीशेजारच्या खड्ड्यात ओतून वर माती लोटली जाई. त्यात बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराइड हा क्षार असे, आणि असं खारं पाणी शून्य अंशाला गोठत नाही. पुढे त्या उकरलेल्या मातीवर विलोची झुडपं माजली. वाऱ्यानं उडणारा बर्फ झुडपांत अडकतो, त्याचा जाड थर हिवाळ्याची थंडी खाली पोहोचू देत नाही. जमीन ऊब धरते, वरची माती खचते, खळग्यात पाणी साचतं, खालचे क्षार आजूबाजूला झिरपतात. हिरवळ आली म्हणजे जागा सावरली, हा समज म्हणूनच घातक आहे. प्रुडो बेला आता कचरा दळून खोल खडकात दाबतात, ही पद्धत उघड्या खड्ड्यांपेक्षा नक्कीच बरी.

"पाणी मुळातच खारट, मग बिघडलं काय?" असंही विचारतात. खारटपणाचेही प्रकार असतात. झऱ्यांत मुख्यतः सोडियम क्लोराइड, म्हणजे साधं मीठ असतं, खड्ड्यातून झिरपलेल्या पाण्यात पोटॅशियम चढतं. पण गोठताना उणे ७ अंशांच्या आसपास सोडियम सल्फेटचे स्फटिक बाहेर पडतात आणि उरलेल्या पाण्यातली प्रमाणं बदलतात, त्यामुळे पाणी कचऱ्यानं बिघडलं का, याचा निकाल एकाच नमुन्यावर देता येत नाही. विहीर खोदण्याआधीचे, वेगवेगळ्या ऋतूंतले नमुने हवेत. परवाना देण्यापूर्वी ते मागितलेच पाहिजेत.