भाचीचे "फक्त अकरा सायटेशन" आणि दादाचा विंचू

सकाळी भाचीचा फोन आला, तेव्हापासून डोकं फिरलंय. ती मेडिकल कॉलेजात शिकवते. पावसाळाभर वॉर्डात लेप्टोचे, म्हणजे उंदराच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाचे पेशंट, लावणीच्या चिखलातून तापाने फणफणत आलेले. चार वर्षं रात्री जागून त्यांच्या नोंदी ठेवल्या, संशोधनाचे पेपर लिहिले. परवा बढतीच्या मुलाखतीत साहेबांनी पेपर उघडलासुद्धा नाही, गुगल स्कॉलरवर, कुणाचा पेपर किती जणांनी उद्धृत केला ते दाखवणाऱ्या साइटवर, तिचं नाव टाकलं आणि म्हणाले, "फक्त अकरा सायटेशन?" म्हणजे तिच्या पेपरांचा दाखला इतरांनी अकराच वेळा दिला. पोरगी रडत होती हो.

मला दादा आठवला. तिचाच बाप. १९८८, ऑक्टोबर, भातकापणी चाललेली, दादा वीस वर्षांचा, पेंढ्याचा भारा उचलला आणि लाल विंचू डसला. तासाभरात अंग घामाने चिंब, हातपाय गारठले, उलट्या थांबेनात. आजी म्हणे मांत्रिकाला बोलवा. बाबांनी ऐकलं नाही, डोली करून रस्त्यापर्यंत नेलं. डॉक्टरांनी नाडी बघितली, रक्तदाब बघितला आणि एक गोळी दिली, काही तासांनी दुसरी. सकाळी दादा पेज प्यायला.

त्या गोळीचं नाव प्राझोसिन. रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. ती विंचवावर चालते हे आपल्या महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवून दिलं. बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात पेशंटच्या उशाशी रात्र रात्र बसून, हृदय कसं बिघडतं, फुप्फुसात पाणी कधी भरतं, सगळं लिहून काढलं. १९८२ ला लॅन्सेट या नावाजलेल्या वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आलं, १९८६ ला त्याच लॅन्सेटमध्ये प्राझोसिनचं. आधी शंभरातले तीस-चाळीस जायचे, ते एखाद्यावर आलं. १९८६ ला छापलेलं १९८८ ला आमच्या दादापर्यंत पोचलं. आता सांगा, आमच्या डॉक्टरांनी ती गोळी दिली तेव्हा कुणाच्या खात्यात सायटेशन पडलं? ते पेपर लिहीत नव्हते, पोरगा वाचवत होते!

आणि मोजता कशाने तर एच-इंडेक्सने. २००५ साली हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने काढलेला आकडा, वीस पेपर प्रत्येकी निदान वीसदा उद्धृत झाले की तुम्ही वीस. अरे, कॅन्सरवर जगभर हजारो लोक लिहितात, ते एकमेकांचे दाखले देणारच. विंचू, फुरसं, लेप्टो यांवर लिहिणारे किती? चावतो तो अनवाणी कुळवाडी, त्याच्यावर कोण प्रयोगशाळा उभारतंय? इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या लेखांना सरासरी किती दाखले मिळतात तो आकडा, तर जर्नलचा असतो, माणसाचा नाहीच, तरी तो माणसाच्या कपाळावर चिकटवतात. २०१५ ला मेडिकल कौन्सिलने काढलेल्या पत्रकात तर केस रिपोर्ट धरायचेच नाहीत असं होतं. एकेका पेशंटची नोंद हा बिनकामाचा कागद? बावस्करांनी सुरुवात कशाने केली मग?

हो, काहीतरी मोजायला हवं, नाहीतर साहेबांच्या पुढेपुढे करणाऱ्यांनाच बढती मिळेल, मान्य. लॅन्सेटमध्ये आलं म्हणूनच जगाने ऐकलं, तेही मान्य. पण मोजणाऱ्याने निदान वाचावं तरी! २०११ ला बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमध्ये बावस्करांचा अभ्यास आला, नुसती प्राझोसिन द्यावी की सोबत प्रतिविषही (विष उतरवणारं इंजेक्शन), त्यात पेशंट होते ७०. सत्तर! संख्या बघूनच कुणी बाजूला टाकला असता तर?

रागाने लिहायला बसले होते, आता थोडी शांत झालेय. दादा आज अठ्ठावन्नचा आहे, अजून पेंढ्याला हात लावायच्या आधी काठीने ठोकून बघतो. लेकीचे पेपर त्याने प्रिंट काढून देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवलेत, इंग्रजी येत नाही पण पहिल्या पानावर तिचं नाव कुठेय ते बोट ठेवून दाखवतो आल्यागेल्याला.

दुपारी तिला मेसेज केला, बाळा, जेवलीस का? उत्तर आलं, "आत्या, एक ताप आलेली बाई आलीय, लघवी होत नाहीये, नंतर बोलते." चार वाजून गेले, अजून फोन नाही. वाट बघतेय.