‘सिमेंट मारा’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पुण्याच्या विश्रामबागवाड्यावरच्या लेखाखाली आपण लिहिलंत: ‘चुना वगैरे हेरिटेजवाल्यांचे चोचले. सिमेंट मारा आणि विसरा. आमच्या वाड्याला केलंय, ठणठणीत आहे. तसंही 1879च्या आगीनंतर तिथे जुनं काय उरलंय?’

मतभेदाला हरकत नाही. पण गवंडी-सुतार महिनोन्महिने राबतात त्या कामाला चोचले म्हणणं मला लागलं. जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीत माझी उमेदीची वर्षं गेली आहेत; असं उडवून लावणारं बोलणं साइटवरसुद्धा कोणी ऐकून घेत नाही.

चुन्याला वेळ लागतो, खर्चही वाढतो. हे मान्य.

पण ‘सिमेंट मारा’ हे तसंच सोडता येणार नाही. 1807च्या या वाड्याचा भार नुसत्या विटांवर नाही. सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा आणि मधे विटांची भरण, अशी रचना आहे. जोत्यातून चढणारी ओल चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडून सुकते. सिमेंटने ती वाट बुजते, ओल आणखी वर चढते आणि भिंतीतल्या खांबाला भिडते. तळखड्यावरचं, म्हणजे खांबाखालच्या दगडावरचं, खांबाचं बूड आतल्या आत कुजतं, वरचा गिलावा मात्र गुळगुळीत दिसत राहतो. शिवाय लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. ताठ सिमेंटला ही हालचाल सोसत नाही. लाकूड-विटेच्या सांध्यावर चीर पडते, तिच्यातून पाणी शिरतं आणि आतच अडकतं.

चुना बिघडतो तो घाईमुळे. कळीचा चुना, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे खडे, पाण्यात विरवून निदान दोन-तीन आठवडे पाण्याखाली ठेवायचा आणि गाळून घ्यायचा, नाहीतर न विरलेले खडे पुढे भिंतीत फुगून खपल्या काढतात. एका वेळी 10-12 मिलिमीटरहून जाड थर द्यायचा नाही. तो आठवडाभर तरी ओलसर ठेवायचा. भर उन्हात वाळला तर भुगा होऊन झडतो.

आगीत वाड्याचा एक भाग जळाला, तो लोकवर्गणीच्या मदतीने पुन्हा उभा राहिला. सबंध वाडा गेला नाही. लेख नीट वाचला असतात तर हे विचारलंच नसतंत.

आणि आपला वाडा ठणठणीत आहे हे गिलावा बघून ठरवू नका. एका खांबाच्या बुडाशी वीतभर सिमेंट हातोडी-छिन्नीने काढा, विजेवरचा ब्रेकर लावू नका. उघड्या लाकडात पातळ सळई टोचून बघा. सहज घुसली, तर आधी तुळईला टेकू द्या आणि मग सुताराला बोलवा.