नेट चालतंय ना? मग राउटरला हात लावू नका

आमच्या इंदिरानगरच्या घरी एकच राउटर नऊ वर्षं चालू आहे, टीव्हीशेजारी, आईने विणलेल्या क्रोशाच्या रुमालाखाली, तेव्हा या विषयात सल्ला द्यायचा अधिकार मला नाही तर कोणाला, सांगा.

पहिली गोष्ट, केबलवाला पोरगा भिंतीला भोक पाडून झाल्यावर विचारतो, काका पासवर्ड काय ठेवू, तेव्हा बेधडक मोबाइल नंबर सांगायचा. तो वायफायचा. आतल्या सेटिंगचा वेगळा पासवर्ड असतो तो त्याने विचारला नाही, तुम्हीही विचारू नका, ॲडमिन-ॲडमिनच राहू द्या, म्हणजे नावही ॲडमिन आणि पासवर्डही ॲडमिन, उगाच आलेल्या चोराची गैरसोय नको. २०१७ च्या जुलैत बीएसएनएलचे ६०,००० च्या आसपास मोडेम या ॲडमिन-ॲडमिनपायीच मालवेअरने धरले होते, लोकांचं नेट बसलं, मग कंपनीने सांगितलं बाबांनो पासवर्ड बदला. आपण बातमी वाचली, च्यायला म्हटलं आणि पान उलटलं.

आता फर्मवेअर. म्हणजे राउटरच्या पोटातलं सॉफ्टवेअर. ते अपडेट करायचं असतं असं काही शहाणे सांगतात, त्यांचं मुळीच ऐकू नका कारण कंपन्या तरी कुठे ऐकतात? राउटरमध्ये सेटिंगचं पान दाखवणारा एक छोटा प्रोग्राम असतो, रॉमपेजर नावाचा एक बऱ्याच ठिकाणी होता, त्यात २००२ साली एक चूक शिरली, बनवणाऱ्याने २००५ ला ती दुरुस्तही केली, आणि २०१४ च्या डिसेंबरात चेक पॉइंट या सायबर सुरक्षा कंपनीच्या लोकांनी बघितलं तर जगभरात निदान १.२ कोटी यंत्रांत चूक तशीच, एक खास बनवलेली कुकी, म्हणजे ब्राउझर पाठवतो ती छोटी चिठ्ठी, पाठवली की पासवर्डशिवाय आत! झालं असं की चिपवाल्याने जुनंच सॉफ्टवेअर राउटरवाल्याला दिलं, त्याने नेटवाल्याला, नेटवाल्याने आपल्याला, आहेराची साडी फिरते ना घडी न मोडता, तसं. नऊ वर्षं!

आणि हे निदान चुकून झालेलं. डी-लिंकच्या काही राउटरांत २०१३ ला सापडलं ते तर मुद्दाम ठेवलेलं, ब्राउझरने आपलं नाव म्हणून एक विचित्र अक्षरांची ओळ सांगितली की राउटर पासवर्ड विचारायचाच नाही, आणि ती ओळ उलटी वाचली तर चक्क 'एडिट बाय ०४८८२ जोएल बॅकडोअर', बॅकडोअर म्हणजे मागचं दार. लक्ष्मीपूजनाला आपण दार उघडं ठेवतो तसं, फक्त इथे वर्षभर.

तुम्ही म्हणाल, कोणी घुसलं तर कळेलच की. कळतं ना! गोदेला पूर आला की आपण दुतोंड्या मारुतीकडे बघतो, पाणी कमरेला लागलं का छातीला, त्यावरून ठरवतो किती घाबरायचं ते. तसेच राउटरचे दिवे बघायचे, हिरवे आहेत म्हणजे सगळं ठीक, लाल लागला तरच केबलवाल्याला फोन. आता चोराने आत शिरून फक्त डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या यंत्राचा, पत्ता बदलला तर दिवा हिरवाच राहतो ही बारीकशी अडचण आहे, म्हणजे तुम्ही बँकेचं नाव बरोबर टाकता आणि राउटर तुम्हाला भलत्याच दुकानात नेऊन सोडतो, नाशिकरोडला रिक्षात बसून काळाराम म्हणावं आणि रिक्षावाल्याने मेव्हण्याच्या लॉजवर उतरवावं तसं. ब्राउझर बिचारा ओरडतो, ही साइट सुरक्षित नाही. आपण 'तरीही पुढे जा' दाबायचं, घाई असते.

मागच्या रविवारी भाच्याला राहवलं नाही, मिसळ खाऊन आला आणि त्याच रस्सा लागलेल्या बोटांनी ब्राउझरमध्ये राउटरच्या सेटिंगचा पत्ता १९२.१६८.१.१ टाकून बसला. ॲडमिन-ॲडमिन, लगेच आत. फर्मवेअरची तारीख २०१६. जोडलेल्या यादीत चौदा यंत्रं, घरात माणसं चार, मी म्हटलं वरच्या जोशांकडे पाहुणे आलेत, त्यांना पासवर्ड मीच दिला होता. तो म्हणे मामा अपडेट तरी करतो, आणि बटण दाबलं. राउटरने थोडा विचार केला आणि उत्तर दिलं, तुमचं फर्मवेअर लेटेस्ट आहे.

भाचा म्हणे अहो या मॉडेलला अपडेट देणंच कंपनीने केव्हाच बंद केलंय, त्या अर्थाने लेटेस्ट.

अर्थाचं मला सांगू नको म्हटलं, कंपनी स्वतः लिहून देतेय. रुमाल झटकला आणि परत टाकला.