मोनाकोची शर्यत ‘जशीच्या तशी’? एका फिरत्या संदेशाची झाडाझडती

मोनाको या युरोपातल्या चिमुकल्या संस्थानातल्या मोटार शर्यतीचे दिवस जवळ आले की एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा : “मोनाको ग्रां प्री ही 1929 पासून एकही वर्ष न चुकता, त्याच रस्त्यांवर, एका इंचाचाही फरक न करता होणारी शर्यत आहे. कॅसिनोकडे गिऱ्हाईक ओढायला राजाने ती सुरू केली. कित्येक ड्रायव्हर तिथे समुद्रात बुडून मेले. पहिल्या जागेवरून सुटतो तोच जिंकतो, कारण आता गाड्या रुंद झाल्या. आदल्या रात्री रस्त्याला कठडे लावायचे आणि सकाळी शर्यत!”

यातलं वर्ष तेवढं बरोबर आहे. पहिली शर्यत 14 एप्रिल 1929 रोजी झाली. बाकीचं एकेक घेऊ.

“एकही वर्ष न चुकता”

हे बोटांवर मोजून खोडता येतं. 1929 ते 2025 या 97 वर्षांत शर्यती झाल्या 82, म्हणजे 15 वर्षं कोरी गेली. 1929 ते 1937 सलग नऊ शर्यती झाल्या. मग 1938 पासून 1947 पर्यंत काहीच नाही. युद्ध 1939 च्या सप्टेंबरात सुरू झालं, त्यामुळे पहिल्या दोन वर्षांचं खापरही युद्धावर फोडता येत नाही. 1948 मध्ये शर्यत पुन्हा झाली. 1949 मध्ये राजे लुई दुसरे यांच्या निधनामुळे शर्यत रद्द झाली. 1951, 1953 आणि 1954 कोरी. 1952 मध्ये शर्यत झाली, पण ती स्पोर्ट्‌स कारची होती. सलगपणा आला तो 1955 पासून, आणि तोही 2020 मध्ये कोविडने तोडला.

‘ही पहिल्यापासून फॉर्म्युला वनची (मोटार शर्यतींतल्या सर्वांत वरच्या श्रेणीची) शर्यत’ असंही काही जण याला जोडतात. फॉर्म्युला वनची जागतिक स्पर्धाच मुळात 1950 मध्ये सुरू झाली. तिच्यात मोनाको त्याच वर्षी आलं, पण कायमचं 1955 पासून.

“राजाने कॅसिनोसाठी सुरू केली”

कॅसिनो तेव्हा साठीच्या पुढे गेलेला होता, गिऱ्हाइकांची त्याला ददात नव्हती. खरं कारण बरंच रुक्ष आहे : एका क्लबचा सदस्यत्वाचा अर्ज फेटाळला गेला. मोनाकोचा ऑटोमोबाइल क्लब मूळचा सायकलवाल्यांचा. 1925 मध्ये त्याने आजचं नाव घेतलं आणि पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय संघटनेकडे ‘राष्ट्रीय क्लब’ म्हणून मान्यता मागितली. उत्तर आलं, तुमची माँटे कार्लो रॅली धावते ती इतर देशांच्या रस्त्यांवर, तुमच्या हद्दीत तुम्ही काय भरवता? अख्खं संस्थान म्हणजे डोंगर आणि समुद्र यांच्यात अडकलेली चिंचोळी पट्टी. तिथे मोकळं मैदान कुठून आणणार? म्हणून क्लबच्या अध्यक्षांचे चिरंजीव अँतनी नोगेस यांनी गावातल्याच रस्त्यांची एक साखळी जुळवली. मोनाकोचाच ड्रायव्हर लुई शिराँ यानेही ही कल्पना उचलून धरली. राजघराण्याचा पाठिंबा होता, हे खरं. पण पाठिंबा देणं वेगळं आणि सुरू करणं वेगळं. गंमत म्हणजे शिराँ स्वतः पहिल्या शर्यतीत नव्हता, तो त्या वेळी इंडियानापोलिसच्या शर्यतीसाठी अमेरिकेत गेला होता. तो घरच्या रस्त्यांवर जिंकला 1931 मध्ये. त्यानंतर मोनाकोचाच माणूस पुन्हा जिंकायला 2024 उजाडावं लागलं : शार्ल लक्लेर.

“एका इंचाचाही फरक न करता”

संदेशातला सगळ्यात लाडका दावा हाच, आणि सगळ्यात चुकीचाही हाच. आराखड्याचा सांगाडा जुना आहे, हे मान्य : साँ देवोतचं वळण, तिथून कॅसिनोकडे चढ, मिराबोचा उतार, गाडी जवळजवळ उलटी फिरवणारं हेअरपिन वळण, बोगदा, मग बंदराचा धक्का. पण त्या सांगाड्यावरचं मांस इतक्या वेळा बदललंय की 1929 ची फेरी 3.18 किलोमीटरची होती आणि आजची 3.337 किलोमीटरची आहे. म्हणजे दीडशे मीटरहून जास्त रस्ता वाढला. तो कुठून आला ते पाहा.

1972 पर्यंत ताबाकच्या वळणानंतर गाड्या धक्क्यावरून सरळ जात आणि टोकाला गॅसच्या कारखान्याजवळ, गाझोमेत्र नावाच्या वळणावर, उलट्या फिरत. जाणारा आणि येणारा असे दोन रस्ते जवळजवळ लागून होते आणि पिट (शर्यतीत टायर बदलायला, दुरुस्तीला थांबायची जागा) त्यांच्या मधल्या पट्टीवर, म्हणजे मेकॅनिक टायर बदलतोय आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी गाड्या सुसाट चालल्यात. 1962 मध्ये स्टार्ट धक्क्याच्या बाजूला होता. सुटल्यावर लगेच गाझोमेत्र आलं, तिथे गाड्या एकमेकींवर चढल्या, निखळलेलं चाक लागून एक मार्शल (ट्रॅकच्या कडेचा सुरक्षा कर्मचारी) मेला. पुढच्या वर्षी स्टार्ट पलीकडच्या रस्त्यावर नेला. 1972 मध्ये पिट तिथून उचलून शिकेनजवळ, म्हणजे बोगद्यानंतरच्या नागमोडी वळणाजवळ, नेऊन पाहिले. तो प्रयोग एक वर्ष टिकला.

खरी मोठी शस्त्रक्रिया 1973 ची. जलतरण तलावाभोवती धक्क्यावर नवा रस्ता काढला, गाझोमेत्र गेलं, त्याजागी ला रास्कास रेस्टॉरंटला वळसा आला, आणि मोकळ्या झालेल्या जागेत पिटना निराळी लेन मिळाली. आज टीव्हीवर जिथे गाड्या कठड्याला चाटून जाताना दाखवतात तो पिसीनचा, म्हणजे या तलावाचा, भाग 1973 आधी नव्हताच. त्याच सुमारास वर लोज हॉटेलचं बांधकाम आलं आणि बोगदाही लांब झाला. हेअरपिनच्या जागी एकेकाळी रेल्वे स्टेशन होतं, म्हणून ते वळण ‘स्टेशन’. पुढे हॉटेलचं नाव बदलत गेलं तसं वळणाचंही : लोज, ग्रँड हॉटेल, फेअरमाँट. कोण कुठलं नाव घेतो त्यावरून तो कधीपासून शर्यत बघतोय हे ओळखता येतं.

पुढे 1976 मध्ये साँ देवोत आणि रास्कास ही वळणं आवळली, फेरी 3.312 किलोमीटर झाली. 1986 मध्ये बोगद्यानंतरचं शिकेन बदललं. आधी तिथे गाड्या वेगात एक हलका हेलकावा घेऊन निघून जात. मग पाण्यावर धक्का रुंद करून ते डावं-उजवं असं चांगलंच हळू केलं. 1997 मध्ये पिसीनची आत शिरतानाची बाजू मोकळी केली. 2003 मध्ये पिसीन ते रास्कास हा तुकडा समुद्रात नव्याने मिळवलेल्या जमिनीवर सरकवला आणि त्यातून सुटलेल्या जागेवर 2004 मध्ये नवी पिट गॅरेज उभी राहिली. ‘एक इंच’ म्हणणाऱ्यांनी निदान हा तुकडा बघावा. जुन्या शर्यतींच्या वेळी तिथे पाणी होतं.

“कित्येक ड्रायव्हर समुद्रात बुडून मेले”

एकही नाही. शर्यत चालू असताना पाण्यात गेलेल्या गाड्या दोन : 1955 मध्ये आल्बेर्तो अस्कारीची लान्चिया आणि 1965 मध्ये पॉल हॉकिन्सची लोटस. दोघेही पोहून वर आले. गैरसमजाचं मूळ बहुधा अस्कारीत आहे. तो 22 मे ला पाण्यातून वाचला आणि 26 मे ला मोंझाच्या ट्रॅकवर फेरारीची चाचणी घेताना गेला.

मोनाकोत माणसं दगावली ती जमिनीवर. 7 मे 1967 ला शंभरपैकी 82 व्या फेरीत लोरेंत्सो बांदिनीची फेरारी शिकेनला आदळून उलटली. कडेला संरक्षण म्हणून गवताच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. सांडलेलं पेट्रोल पेटलं आणि त्याबरोबर पेंढ्याही पेटल्या. तीन दिवसांनी तो गेला. पुढच्या वर्षी शर्यत 100 फेऱ्यांवरून 80 वर आणली. समुद्राने केलेलं मोठं नुकसान म्हणजे 1950 चं. लाटेच्या पाण्याने ताबाकचं वळण ओलं झालं आणि पहिल्याच फेरीत 19 पैकी जवळजवळ निम्म्या गाड्या तिथे एकमेकींत अडकल्या. पुढे असलेला फँजिओ त्यातून सुटला आणि जिंकला.

“पहिल्या जागेवरून सुटतो तोच जिंकतो”

यात तथ्य आहे, म्हणून जरा सावकाश.

पहिल्या चार शर्यतींत तर ‘पोल’, म्हणजे सुटतानाची पहिली जागा, कमावण्याचा प्रश्नच नव्हता. 1929 मध्ये कोण कुठे उभं राहणार हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स हिरवी बुगाती 35 बी घेऊन पाचव्या जागेवरून सुटला आणि 100 फेऱ्या 3 तास 56 मिनिटांत संपवून जिंकला. काराचोला सात लिटरची अवजड मर्सिडीज घेऊन पंधराव्या जागेवरून आला आणि तिसरा झाला. सरावातल्या वेळेवरून जागा ठरवायची पद्धत इथे 1933 मध्ये आली. ग्रां प्री शर्यतींत हा प्रकार पहिल्यांदा झाला तोही मोनाकोतच.

नंतरच्या काळातली उदाहरणं घ्या. 1970 मध्ये योखेन रिंट आठव्या जागेवरून सुटला. शेवटच्या फेरीच्या शेवटच्या वळणावर पुढे असलेला ड्रायव्हर ब्रॅबम घसरला आणि हा पुढे गेला. 1996 मध्ये ओलिव्हिए पानीस लिजिए गाडीतून चौदाव्या जागेवरून जिंकला. पोलवरचा शूमाखर पहिल्याच फेरीत कठड्यावर आदळला होता आणि रेषा ओलांडताना धावत होत्या फक्त तीन गाड्या. 2015 मध्ये पोलवरच्या हॅमिल्टनला सेफ्टी कारच्या वेळी (अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवणारी गाडी पुढे असताना) गरज नसताना पिटमध्ये बोलावलं, रोझबर्ग जिंकला. 2016 मध्ये पोलवरचा रिकार्डो पिटमध्ये आला तेव्हा टायरच तयार नव्हते, शर्यत हातची गेली. 2021 मध्ये लक्लेरला पोल मिळाली, पण आदल्या दिवशीच्या धडकेत गाडीचं आतून नुकसान झालेलं, तो सुटलाच नाही. 2022 मध्ये पुन्हा पोल, पुन्हा पिटचा घोळ, आणि चौथा क्रमांक.

तरी दाव्यातलं तथ्य 2018 ने दाखवून दिलं. रिकार्डोच्या गाडीतली विद्युत मोटर अर्ध्यातच बंद पडली, सुमारे 160 अश्वशक्ती गेली, तरी मागच्याला त्याला ओलांडता आलं नाही. 2024 मध्ये पहिल्या फेरीतल्या अपघातामुळे शर्यत थांबली आणि त्या थांब्यातच सगळ्यांनी नियमाने करावा लागणारा टायरबदल उरकून घेतला. त्यामुळे पुढे पिटमध्ये यायचं कारणच उरलं नाही आणि पहिले दहाजण सुटले त्याच क्रमाने पोचले. 2025 मध्ये किमान दोनदा टायर बदलण्याची सक्ती केली. त्यावर काही संघांनी पळवाट काढली : एका गाडीने मुद्दाम हळू जाऊन मागची रांग अडवायची, म्हणजे पुढच्या जोडीदाराला पिटमध्ये जाऊन येण्याएवढी फट मिळते. जिंकला पोलवरचा नॉरिसच.

थोडक्यात, पोल असली की जागा राखता येते. जागा जाते ती पिटमधल्या चुकीने, पावसाने, बिघाडाने. कोणी ओलांडलं म्हणून ती क्वचितच जाते.

“कारण आता गाड्या रुंद झाल्या”

कारण चुकीचं पकडलंय. ऐंशीच्या दशकात रुंदीची मर्यादा 2.15 मीटर होती. 1993 मध्ये ती 2 मीटर, 1998 मध्ये 1.8, 2017 मध्ये पुन्हा 2 मीटर, आणि 2026 च्या नियमांत 1.9. म्हणजे ऐंशीच्या दशकात गाजलेल्या ड्रायव्हर सेन्नाच्या काळातल्या गाड्या आजच्यापेक्षा रुंद होत्या. वाढली ती लांबी आणि वजन. 1988 च्या मॅक्लॅरनच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 2.9 मीटरच्या आत होतं. 2022 पासूनच्या नियमांत ते 3.6 मीटरपर्यंत चालायचं. वजन तेव्हा 540 किलो, 2025 मध्ये 800. लांब गाडी हेअरपिनमध्ये आडवी झाली की मागच्याला आत नाक घालायला जागाच उरत नाही.

दुसरं कारण कोणी बोलत नाही : गाड्या बिघडत नाहीत. हाताने गिअर टाकायच्या काळात फेरीगणिक डझनावारी गिअर बदलावे लागत. एखादा चुकला की गाडी क्षणभर मोकळी पडे आणि मागच्याला संधी मिळे. आता पॅडल ओढलं की गिअर पडतो. ब्रेक इतके चांगले झालेत की ब्रेक लावण्याचं अंतरच तोकडं झालं, आणि ओलांडायचं असतं ते त्या अंतरातच.

“आदल्या रात्री कठडे लावायचे”

कठडे, जाळ्या आणि प्रेक्षकांच्या गॅलऱ्या उभारण्याचं काम काही आठवडे आधी सुरू होतं. सुमारे 33 किलोमीटर पोलादी पट्ट्या लागतात. रस्ता साडेतीन किलोमीटरपेक्षाही कमी, मग 33 कशा? दोन्ही बाजू आणि एकावर एक तीन पट्ट्या, एवढ्यानेच वीस होतात. उरलेल्या पिट लेनला, आडबाजूच्या रस्त्यांच्या तोंडाला आणि जिथे दुहेरी कठडा लागतो तिथे. त्यावर सुमारे 20,000 चौरस मीटर जाळी. साँ देवोत आणि शिकेन इथे गाडी सरळ आत घुसण्याचा धोका असल्याने पट्टीपुढे ऊर्जा शोषणारे अडथळे लागतात. आणि हे सगळं गावाची रहदारी चालू ठेवून.

सगळ्यात कटकटीचं काम गटारांच्या झाकणांचं. हा शेवटी गावातला रस्ता, झाकणं असणारच. गाडीच्या पोटाखाली हवेचा दाब उतरतो आणि ती जमिनीला चिकटते. तोच ओढा झाकणालाही वर खेचतो. म्हणून झाकणं वेल्ड करतात. तरी 2010 मध्ये मासेनेच्या वळणावर बारिकेलोची गाडी सैल झाकणामुळे कठड्यावर गेली, आणि 2016 मध्ये पहिल्याच सराव सत्रात एक झाकण उडून बटनच्या मॅक्लॅरनवर आदळलं. सत्र थांबवून, झाकण बसवून, मगच पुढे. झेब्रा पट्टे आणि पांढऱ्या रेषाही तशाच. कोरड्यात काही वाटत नाही, पाऊस पडला की त्या रंगावर चाक बर्फासारखं सटकतं.

गाडीलाही इथे वेगळी मशागत लागते. फेअरमाँटचं वळण सुमारे 50 किलोमीटरच्या वेगाने घेतात. इतर ट्रॅकवरची गाडी तशीच आणली तर चाकं तेवढी वळत नाहीत, म्हणून स्टिअरिंगचा कोन वाढवून पुढच्या सस्पेन्शनचे भाग वेगळे बसवतात. उंचसखल रस्त्यासाठी गाडी थोडी वर, स्प्रिंग मऊ, मागचा पंख असेल तेवढा मोठा, आणि वेग कमी म्हणजे हवा कमी, म्हणून रेडिएटरच्या वाटा जास्त मोकळ्या.