आत्याने क्यूआर काढून का ठेवला? त्या ५०,००० रुपयांच्या हिशोबाला उत्तर

मिरजेत माझ्या आत्याची भाजीची गाडी आहे. गेल्या महिन्यात गेले, तर गाडीच्या दांडीला बांधलेला क्यूआरचा पुठ्ठा गायब. विचारलं तर म्हणाली, "काढून ठिवला बाई. बँक खातीया पैसं. सगळ्या ग्रुपवर आलंय." आणि तिने मोबाइल पुढे केला. मेसेजच्या डोक्यावर दोन बाणांची ती खूण होती, म्हणजे तिच्यापर्यंत येण्याआधी तो किती हातांतून फिरला असेल याचा पत्ता नाही.

मेसेज थोडक्यात असा. तुमच्याकडे ५०,००० रुपये रोख आहेत. तुम्ही ते हॉटेलवाल्याला दिलेत, त्याने लाँड्रीवाल्याला, लाँड्रीवाल्याने न्हाव्याला. कितीही हात बदलले तरी ५०,००० चे ५०,०००च राहतात. तेच डिजिटल दिलेत, तर दर वेळी बँक ३ टक्के म्हणजे १,५०० कापते, आणि ३० व्यवहारांनंतर तुमचे ५,००० उरतात, ४५,००० बँकेच्या घशात जातात. खाली आणखी शेपूट जोडलेलं: २,००० च्या वर यूपीआय केलं की १८ टक्के जीएसटी लागतो, क्यूआरमधून कोणीही खातं रिकामं करतो, बँका बुडतायत, पैसे काढून घरात ठेवा. आजपासून क्यूआर बंद, प्रत्येक व्यापाऱ्यापर्यंत पोचवा.

माझ्या आत्यापर्यंत पोचला, म्हणून मी हे लिहिते आहे.

आधी ते ३ टक्के. कार्डाने पैसे घेतले की दुकानदाराच्या रकमेतून बँक थोडा भाग कापून घेते, त्याला एमडीआर म्हणतात. यूपीआयवर हा एमडीआर शून्य आहे, आणि तो कुणा बँकेच्या मर्जीने शून्य झालेला नाही. २०१९ साली पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ मध्ये कलम १०अ घालण्यात आलं. त्यात स्पष्ट आहे की ठरवून दिलेल्या इलेक्ट्रॉनिक मार्गांनी पैसे देणाऱ्याकडून किंवा घेणाऱ्याकडून कोणतीही बँक थेट वा आडवळणाने शुल्क घेऊ शकत नाही. ते मार्ग कोणते, तर रुपे डेबिट कार्ड, यूपीआय आणि यूपीआयचा क्यूआर. १ जानेवारी २०२० पासून हे लागू आहे. देणाराही आला, घेणाराही आला, आडवळणही आलं. मेसेज लिहिणाऱ्याला हे एक कलम वाचायला पाच मिनिटं लागली नसती.

आत्याला कलमबिलम काय सांगायचं? तिचं पासबुक भरून आणलं आणि दोघी ओट्यावर बसलो. मेथीच्या दोन जुड्यांचे ४० आले, ४०च जमा. टोमॅटोचे ६५ आले, ६५च जमा. तीन महिन्यांच्या नोंदी बोट ठेवून वाचल्या, एकही रुपया कापलेला सापडला नाही.

आता त्यांचाच हिशोब घेऊ. समजा खरंच दर वेळी ३ टक्के गेले आणि उरलेली रक्कम पुढच्याने पुढे दिली. दुसऱ्या वेळी कपात ५०,००० वर होणार नाही, ४८,५०० वर होईल, तिसऱ्या वेळी त्याहून कमीवर. असं तीस वेळा केलं तर शेवटी साधारण २०,००० उरतात. मेसेज म्हणतो ५,०००. म्हणजे ज्या आकड्याने लोक घाबरले, तो आकडाच चक्रवाढीच्या साध्या गणितात चुकलेला आहे. आणि दर वेळी पूर्ण ५०,००० च दिले गेले असं धरलं, तर तीस व्यवहारांत १५ लाखांचा धंदा झाला. हॉटेलवाल्याने जेवण विकलं, लाँड्रीवाल्याने कपडे धुतले, प्रत्येकाने आपापल्या विक्रीतून १,५०० दिले. कुणाचे तरी ५०,००० झिजत झिजत ५,००० वर आले असं त्यात कुठेच घडत नाही. हाच हिशोब परदेशात ५० पौंडांच्या नोटेचा म्हणून फिरला होता. तिथे तो कार्डांबद्दल होता. आपल्याकडे कुणीतरी पौंडाचे रुपये केले, कार्डाच्या जागी यूपीआय बसवलं आणि दिला सोडून.

यातलं जे खरं आहे ते मान्य करते. क्रेडिट कार्डावर दुकानदाराकडून शुल्क घेतलं जातं, ते दोन टक्क्यांच्या आसपास असतं आणि छोट्या नफ्यावर जगणाऱ्याला ते झोंबतं. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून मोठी रक्कम दिली, तर तिथेही दुकानदाराला शुल्क लागू शकतं. मोबाइलच्या वॉलेटमधून, म्हणजे त्यात आधी भरून ठेवलेल्या पैशांतून, २,००० च्या वर दिले तर १.१ टक्क्यांपर्यंतची आकारणी आहे, ती २०२३ पासून, आणि ती ग्राहकाकडून नाही. पण आत्याच्या गाडीवर पावशेर मिरची घेणारा बँक खात्यातून थेट देतो. तिला यातलं काहीही लागू नाही.

आणि रोख फुकट असते हे कुणी सांगितलं? २०२४-२५ मध्ये नुसत्या नोटा छापायला रिझर्व्ह बँकेला ६,३७२ कोटींहून जास्त खर्च आला. त्याच वर्षासाठी छोट्या दुकानदारांच्या यूपीआय व्यवहारांपोटी केंद्राने साधारण १,५०० कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर केली. दोन्हीचा खर्च शेवटी आपल्यातूनच जातो. नोटेचा खर्च नोटेवर लिहिलेला नसतो, म्हणून दिसत नाही.

जीएसटीचं तर एका वाक्यात संपतं. जीएसटी लागतो तो शुल्कावर, शुल्कच नाही तर कर कशावर? अर्थ मंत्रालयाने १८ एप्रिल २०२५ ला हा दावा पूर्ण खोटा असल्याचं जाहीर केलं. मेसेज त्यानंतरही फिरतोच आहे.

पण इथे आत्याने मला अडवलं. "मग कर्नाटकात त्या भाजीवाल्याला नोटीस कशी आली?" मिरजेहून कर्नाटक हाकेच्या अंतरावर, त्यामुळे ती बातमी तिच्या पक्की लक्षात होती. हे खरं घडलं आहे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयच्या नोंदींवरून छोट्या विक्रेत्यांना नोटिसा धाडल्या. हावेरीच्या एका भाजीविक्रेत्याला २९ लाखांच्या जीएसटीची मागणी आली. बंगळुरूत दुकानदारांनी क्यूआर झाकून "फक्त रोख" अशा पाट्या लावल्या. ताज्या भाजीवर जीएसटीच नाही, त्यामुळे ही मागणी मलाही संतापजनक वाटते. पुढे गदारोळ झाल्यावर सरकारला माघार घ्यावी लागली. खात्याने आधी माल काय विकला ते विचारायला हवं होतं. हा राग रास्त आहे, पण तो कर खात्याच्या कारभारावरचा आहे. बँक ३ टक्के खाते हे त्यातून सिद्ध होत नाही.

क्यूआरमधून खातं रिकामं होतं, हेही खोटं. त्या चौकोनात फक्त यूपीआयचा पत्ता आणि नाव असतं. पैसे बाहेर जायला आत्याचाच मोबाइल आणि आत्याचाच पिन लागतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, एवढं एक मी तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. फसवणूक होते ती वेगळ्या वाटेने. रात्री कुणीतरी आपला क्यूआर तुमच्या क्यूआरवर चिकटवून जातो, किंवा गिऱ्हाईक खोटा स्क्रीनशॉट दाखवून पिशवी उचलतं. सकाळी गाडी लावल्यावर स्वतः एक रुपया पाठवून नाव बघायचं, आणि बोलणाऱ्या डब्याने (साउंडबॉक्सने) रक्कम सांगितल्याशिवाय पिशवी द्यायची नाही. त्या डब्याला महिन्याचं भाडं असतं, तो खर्च मात्र खरा आहे. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

या मेसेजातली सगळ्यात घातक ओळ ही आहे: पैसे काढून घरात ठेवा. आत्याने ते केलं होतं. ३८,००० रुपये काढून तांदळाच्या डब्यात ठेवले होते. घराला पत्र्याचं दार, दिवसभर कुणी घरात नाही. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढलं की याच भागात २०१९ साली लोकांनी अंगावरच्या कपड्यांनिशी घरं सोडली, हे तिनेच मला सांगितलेलं आहे. अशा घरातल्या डब्यात पैसे ठेवायला सांगणारा माणूस तिचा हितचिंतक कसा?

बँक बुडण्याची भीती मात्र मी उडवून लावणार नाही. महाराष्ट्रात तरी नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. पुण्याच्या रुपी बँकेच्या ठेवीदारांनी वर्षानुवर्षं खेटे घातले. ज्यांनी ते भोगलं त्यांच्या घरात ही भीती पुढच्या पिढीला जाते. पण ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका माणसाच्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत ते पैसे मिळायची तरतूद आहे. आत्याचे ३८,००० त्यात पूर्ण बसतात. तांदळाच्या डब्याला कुठला विमा?

शिवाय तिने काय गमावलं ते मेसेज पाठवणाऱ्याला दिसत नाही. करोनानंतर तिने फेरीवाल्यांसाठीच्या केंद्राच्या स्वनिधी योजनेतून १०,००० चं कर्ज काढलं, वेळेत फेडलं, मग २०,००० चं मिळालं. डिजिटल व्यवहारांवर त्या योजनेत महिन्याला १०० रुपयांपर्यंत परत मिळत. सावकाराकडे जाणारी माझी आत्या बँकेच्या साहेबासमोर खुर्चीवर बसली, ती या नोंदींमुळे. तिच्या नावावर घर नाही, सोनं नाही, पगारपत्रक नाही. धंद्याचा पुरावा म्हणून तिच्याकडे तेवढं पासबुक आहे. तीन आठवडे क्यूआर नव्हता तर त्यातली पानं कोरी राहिली, आणि वसतिगृहातली पोरं सुटे नाहीत म्हणून पलीकडच्या गाडीवर जायला लागली.

रोख अजिबात नको, असं मी म्हणत नाही. १२ एप्रिल २०२५ ला, शनिवारी, देशभर यूपीआय अडखळलं होतं, आणि तशा दिवशी भाजी घरी परत न्यावी लागते. पुठ्ठा पुन्हा दांडीला बांधताना आत्यानेच ठरवलं, की गल्ल्यात रोज हजारभराचे सुटे ठेवायचे आणि बाकीचे पैसे संध्याकाळी खात्यावर.